हात कानाला पुरेपर्यंत

परीक्षा जवळ आली की माझ्या कानात खडी फुटायला लागते. कुणाला सांगितलं तर हसतील, म्हणून आजवर सांगितलं नाही. हिंगोलीत मी ज्या खोलीत राहते तिच्या खिडकीसमोर कडुनिंब आहे. या दिवसांत त्याची बारीक फुलं वहीवर पडतात. पलीकडं पिठाच्या गिरणीचा पट्टा फटफटतो, रस्त्यावरून टांगा जातो, शेजारच्या मावशी हिंदीत भाजीवाल्याशी भांडतात. यात खडीचा आवाज कुठंच नसतो. तरी मान खाली घालून थोडं वाचलं की तो सुरू होतो. ठक्. थोडं थांबून पुन्हा ठक्. मग एकदम पुष्कळ, माळावर बसलेल्या सगळ्या बायांनी एकाच वेळी हातोडी उचलावी तसा.

मॅट्रिकचा शेवटचा पेपर देऊन मी गावी आले ते दुष्काळाचं साल. आमचं गाव नरसीच्या अलीकडं, कयाधूपासून जरा आत. नदीत वाळू होती, आणि वाळूत बाया वाटीनं झिरे उकरून पाणी भरत होत्या. दिवस उगवायच्या आत गावातली सगळी धडधाकट माणसं माळावर खडी फोडायला जायची. माझे बाबा, माझी आई, आणि ज्यांच्या विहिरीला आम्ही कधी हात लावला नव्हता त्या घरच्या सुनाही, तोंडावर पदर ओढून. दगड सगळ्यांच्या हातात सारखाच फुटत होता. रेशनवर मिळणारी लाल ज्वारी सगळ्यांच्याच तव्यावर सारखी तडकत होती.

मागं उरायची ती लेकरं.

लेकरांसाठी सरकारी सुकडी यायची. भाजलेल्या पिठाची, गुळमट, कोरडी. ती वाटायला कळमनुरीहून सुमनताई एसटीनं यायच्या आणि दुपारच्या गाडीनं परत जायच्या. वाटपाची जागा म्हणून आमच्या वस्तीतलं समाजमंदिर ठरलं होतं. पत्र्याचं छत, शेणानं सारवलेली जमीन, भिंतीवर दोन तसबिरी आणि कोपऱ्यात जयंतीच्या मिरवणुकीतला ढोल. सुमनताईंनी पहिल्याच दिवशी मला विचारलं, "मॅट्रिकला बसलीस म्हणे. रिकामीच आहेस, तर माझ्यामागं लेकरांजवळ बसशील का? पगार मात्र न्हाई बरं."

संध्याकाळी मी घरी सांगितलं. बाबा हाताचे फोड पाण्यात बुडवून बसले होते. म्हणाले, "मास्तरीण झाली माझी पोरगी. बिनपगारी."

"पगारी व्हईल की," आई चुलीपाशी म्हणाली. "आधी बिनपगारी तर होऊ द्या."

मी समाजमंदिरात बसायला लागले. आता कॉलेजात कुणी 'समाजसेवा' हा शब्द काढला की माझी मान आपोआप खाली जाते. मी जे केलं त्याला एवढा मोठा शब्द लावावा असं मला वाटत नाही. मी बसले होते, इतकंच. नाकं पुसली, भांडणं सोडवली, दगडी पाटीवर अ काढून दाखवला. पाटी एकच होती आणि ती माझ्या लहानपणची होती. बाकीची लेकरं बोटानं धुळीत गिरवायची. वरच्या आळीतली लेकरं आधी उंबऱ्याबाहेर बसून ओंजळ पुढं करायची. आत येऊ नका असं त्यांना घरून सांगितलेलं असणार. पण दुपार चढली की बाहेरची जमीन पाय ठेवू देत नसे. एकेक करून ती आत सरकली. कुणी कुणाला समजावलं नाही. ते काम उन्हानं केलं.

आणि मला काही वाटत नसे. हे लिहिताना पेन अडतो, पण आज लिहायचंच म्हणून बसले आहे. पुस्तकात वाचलं होतं की दुसऱ्याचं दुःख पाहून काळीज पिळवटतं. मी वाट पाहत होते. एखादं पोरगं तोंडात सुकडी धरून, न गिळता, घरच्या लहान भावासाठी गाल फुगवून पळत जायचं. ते मला दिसायचं आणि मी पुढच्या पोराच्या ओंजळीकडं वळायची. एका बाईनं तीनचार महिन्यांचं लेकरू माझ्या मांडीवर ठेवलं. ते इतकं हलकं होतं की मी खाली पाहिलं, ठेवलं आहे ना म्हणून. तेव्हाही आत काही हललं नाही. मांडी घालून फार वेळ बसलं की पाय आपला राहत नाही, बोट लावलं तरी दुसऱ्याच कुणाचा वाटतो. तसं माझं सगळंच झालं होतं. आईला विचारलं तर ती म्हणाली, "ऊन लागलं आसंल. कांदा ठेव उशाशी." मी कांदा ठेवला.

त्या लेकरांत एक चंद्री होती. आमच्याच वस्तीतल्या गयाकाकूची. सात वर्षांची, पण कुणीही चारचीच म्हणावी. कमरेवर कायम तिचा भाऊ राहुल, तेव्हा नुकता बसायला लागलेला. ती एका बाजूला कलूनच चालायची, कलूनच उभी राहायची, आणि राहुलला खाली ठेवला तरी तशीच कललेली असायची. मी विचारलं, "चंद्रे, सरळ उभं राहता येत न्हाई का तुला?"

"येतं की," ती म्हणाली. "पण मंग ह्यो पडंल."

"अगं, तो तर खाली खेळून राहिला."

तिनं खाली पाहिलं, हसली, आणि तशीच उभी राहिली.

चंद्रीच्या आईबापानं ठरवलं होतं की खडीचं काम सरलं की गुत्तेदाराबरोबर धरणाच्या कामावर जायचं, कळमनुरीच्याही पलीकडं. तिथं झोपड्यांत राहायचं. दोघं मातीकामावर जाणार म्हणजे राहुलला सांभाळायला चंद्री हवीच. पण गयाकाकूची धाकटी बहीण आमच्याच गावात दिलेली होती. ती म्हणाली होती, पोरीचं शाळेत नाव लागत असेल तर मी ठेवून घेते, दुपारचं शाळेत खाईल, रात्रीचं मी घालीन. चंद्रीचा बाप आधी नाही म्हणाला, मग एक दिवस समाजमंदिराच्या दारात येऊन मला म्हणाला, "शकुंतला, जूनमंदी नाव लागलं तर ऱ्हाऊ दे तिला. न्हाई लागलं तर आमच्यासंगं. आता तूच पाह्य."

जूनमध्ये चंद्रीचं नाव लागतं की नाही, एवढ्यावर सगळं येऊन थांबलं होतं.

आमच्याकडं तेव्हा जन्माची तारीख कुणाजवळ नसायची. पूर आला त्या वर्षीचा, थोरल्या बैलाच्या सालचा, अशी वयं. मग शाळेत नाव घालताना गुरुजी लेकराला समोर उभं करायचे आणि म्हणायचे, धर कान. उजवा हात डोक्यावरून पलीकडं न्यायचा आणि डावा कान धरायचा. बोटं कानाला लागली तर सहा पुरी. नाही लागली तर पुढच्या साली. सगळ्यांनाच ते बराबर वाटायचं. माझंही तसंच झालं होतं. माझे हात मुळातच लांब, त्यामुळं मी पाचव्या वर्षीच शाळेत बसले. आज बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, घरातली पहिली. लोक म्हणतात पोरगी हुशार. मला मात्र कधीकधी रात्री वाचताना वाटतं, हे सगळं बोटाच्या एका पेरावर उभं आहे.

चंद्रीची बोटं कानापर्यंत जात नव्हती. केसांतच थांबायची. आणि तिचीच नव्हे, शाळेच्या वयाची जी लेकरं समाजमंदिरात होती त्यातल्या बहुतेकांची. वर्षभर पोटात नीट काही गेलं नव्हतं, हात कुठून वाढणार. पण हा विचार तेव्हा कुणाच्या मनात आला नाही. सगळ्यांना वाटलं, सराव कमी पडून राहिला.

म्हणून सराव सुरू झाला. सकाळी सुकडी खाऊन झाली की ओळीनं उभं राहायचं आणि कान धरायचा. मी म्हणायची, "धर कान," आणि सगळे हात डोक्यावर. लेकरांना तो खेळच झाला. रस्त्यात, ओढ्यात, परसाकडं जातानाही कान धरून चालायची. मग आयांनी मनावर घेतलं. माळावरून आल्यावर अंगात हात उचलायची ताकद नसायची, तरी अंगणात लेकरांना मांडीवर घेऊन त्यांचे हात ओढत बसायच्या. तेल कुणाकडं नव्हतं, पाण्यानंच चोळायच्या. कुणी सांगितलं लोंबकळलं की हात वाढतो, तर समाजमंदिरासमोरच्या कडुलिंबाच्या फांदीला पोरं लटकायला लागली. खाली माणसं उभी, वर पोरं. गयाकाकू चंद्रीचा हात ओढता ओढता मला म्हणाली, "वेलीवाणी वाढला आसता ना शकू, तर म्या तुज्या गुरुजीच्या दारापोतर नेऊन बांधला आसता."

"आय, दुखून राहिलं," चंद्री म्हणाली.

"दुखू दे. साळंत गेलीस की तकलीफ सरली."

शेजारच्या अंगणातून कुणीतरी म्हणालं, "गये, हात तुटला तर कान धराया काय ऱ्हाईल?" सगळ्या बाया हसल्या. त्या वर्षी त्या हसताना फार कमी दिसल्या, म्हणून ते हसणं माझ्या लक्षात आहे. मी पण हसले असेन. आठवत नाही.

हात काही वाढले नाहीत. पण लेकरं रोज रोज करून एक गोष्ट शिकली. हात पुरत नसला की मान वाकवायची. डोकं उजव्या खांद्याकडं टाकलं की डावा कान वर येतो, बोटांच्या जवळ. हळूहळू सगळ्यांचे कान बोटांना लागायला लागले. चंद्रीचा पण लागला. ती तर आधीच कललेली. ती राहुलला खाली ठेवून, डोकं टाकून, कान घट्ट पकडून माझ्याकडं पाहायची आणि मी मान डोलवायची. आम्ही सगळ्यांनी ते पाहिलं आणि कुणालाच त्यात काही वावगं दिसलं नाही. आम्हाला वाटलं, जमलं.

जूनमध्ये शाळा उघडली. चार खणांची, पुढं ओटा. त्या साली दुपारचं खाणं शाळेतही मिळणार होतं, म्हणून आजूबाजूच्या वाड्यांवरनंही माणसं लेकरं घेऊन आली होती. कुणी काखेतलं, कुणी अजून अंगावर पिणारं. गुरुजी गांगरून गेले होते. वाईट माणूस नव्हता तो. एरवी एखाद्याचं अर्धं पेर कमी पडलं तरी हसून नाव लिहायचे. मलाही त्यांनीच लिहिलं होतं.

आमच्या वस्तीतली लेकरं ओळीनं उभी केली. गुरुजी म्हणाले, "धरा कान." आणि सगळ्यांनी एकदम, एकासारखं एक, डोकी उजव्या खांद्यावर टाकली आणि कान पकडले. शिकवलं होतं तसं. वाऱ्यानं अख्खं पीक एकाच अंगाला लवावं तशी ती ओळ दिसली.

गुरुजी आधी हसले. मग त्यांचं हसू गेलं. "हे कुणी शिकवलं?"

लेकरांनी माझ्याकडं पाहिलं. गुरुजींनी पण पाहिलं. चष्मा काढून धोतरानं पुसला, पुन्हा घातला, आणि ओळीच्या पहिल्या पोराजवळ जाऊन त्याची हनुवटी दोन बोटांत धरली. मान सरळ केली. पोराची बोटं कानावरून सुटली आणि केसांत गेली. "पुढच्या साली," गुरुजी म्हणाले. पुढचं पोर. हनुवटी. "पुढच्या साली." एखाददुसऱ्याचा हात खरोखर पुरत होता, त्याला बाजूला बसवलं.

चंद्रीपाशी आले. तिची मान त्यांनी सरळ केली तशी तिची कंबरही सरळ झाली, आणि मला पहिल्यांदा दिसलं की ती मला वाटायची त्याहून जरा उंच आहे. पण हात होता तेवढाच होता.

"गुरुजी," मी म्हणाले. आवाज माझाच होता का कुणास ठाऊक. "तिला सात वर्षं झाली. पुढचे दात पाहा. दुधाचे दात पडले तिचे. चार वर्षांच्या लेकराचे दात पडत न्हाईत."

गुरुजींनी चंद्रीला आ करायला लावलं. तिनं आ केला. पुढं खिंडार होतं. गुरुजी बराच वेळ पाहत राहिले.

"मला दिसून राहिलं शकुंतला," ते हळू म्हणाले. "पण मागं इतकी माणसं उभी आहेत. हिचा दात पाह्यला तर त्यांचं काय पाहू? आन् साहेब तपासणीला आला की दात न्हाई पाहत. हात पाहतो."

मागं खरंच माणसं उभी होती. मी आणखी एकदा म्हणाले, "गुरुजी." गयाकाकू ओट्याखाली राहुलला घेऊन उभी होती. ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या गुरुजी. पुढच्या साली आणते." रेशनच्या दुकानात धान्य संपलं म्हटल्यावर म्हणावं तसं म्हणाली. मग चंद्री ओट्यावरून उतरली, आईजवळ गेली आणि तिनं राहुलला कमरेवर घेतलं. कलून चालायला लागली.

त्याच आठवड्यात ती माणसं धरणावर गेली. गुत्तेदाराचा ट्रक वस्तीच्या तोंडाशी आला होता. मी गेले होते. गयाकाकूनं मला पाहिलं आणि म्हणाली, "चूल तेवढी ऱ्हायली बघ. तुमाला पाह्यजे तर न्या." चंद्री वर बोचक्यांत बसली होती, तिनं हात हलवला नाही, तिचे दोन्ही हात राहुलला धरण्यात गुंतले होते.

आणि मग माझा निकाल लागला. मी पास झाले. बाबांनी वस्तीत गूळ वाटला. ज्यांच्या लेकरांना पुढच्या साली म्हटलं होतं त्या आयांनीही येऊन माझ्या तोंडावरून हात फिरवून आपल्या कानशिलांवर बोटं मोडली, गूळ खाल्ला. मला आनंद झाला नाही, आणि लाजही वाटली नाही. तोंडात गूळ होता तो विरघळला. सुमनताई दुसऱ्या गावाला लागल्या होत्या. समाजमंदिराला पुन्हा कुलूप होतं. मी हिंगोलीला आले, प्रवेश घेतला, फळ्याजवळच्या बाकावर बसले.

कॉलेजात मी बरीच वर्षं ती गोष्ट सोडवायचा प्रयत्न केला, गणितासारखी. सराव घेतला नसता तर गुरुजींनी नेहमीप्रमाणं चारदोन लेकरं डोळेझाक करून घेतली असती का? घेतली असती कदाचित. पण त्यात चंद्री असती का? की इतकी गर्दी होती म्हणून तसंही काटेकोर मोजलं असतं? दरवेळी उत्तर वेगळं येतं. मोजमाप नीट होतं, असं गुरुजी म्हणतील, आणि तेही खोटं नाही. फक्त भुकेल्या लेकराचं वय हातात उतरत नाही, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही, आणि मी तर रोज त्या हातांत सुकडी घालत होते.

गेल्या आठवड्यात आईला बरं नव्हतं म्हणून गावी जाऊन आले. परीक्षा तोंडावर, पुस्तकं पिशवीत. दुपारी अंगणात पाय वाजले. पाहिलं तर एक पोरगी, परकर गुडघ्यापर्यंत, केस उन्हानं तांबडे, हाताला धरून एक पोरगा. ओळखायला वेळ लागला, कारण ती सरळ उभी होती.

"चंद्री?"

"व्हय ताई. मावशीच्या घरी लगीन हाय, म्हनून आलो."

आईनं तिला पाणी दिलं. ती उभ्यानंच प्यायली आणि उरलेलं राहुलला दिलं. मी विचारलं, शाळेत गेलीस का कुठं. म्हणाली, तिकडं साळा लांब हाय. मग म्हणाली, "दुसऱ्या साली हात पुरत व्हता माजा. बराबर पुरत व्हता. पन तवा मातीचं घमेलं बी उचलत व्हतं मला."

"अजून बस की शाळेत. मावशी ठेवंल. मी गुरुजींना सांगते."

तिनं तोंडावर हात ठेवला. "आता काय बसू ताई, बारक्या लेकरांत? हसतेत." दात सगळे आलेले होते, मोठे, पांढरे. आई आतून म्हणाली, "बस की गं पोरी, भाकर खाऊन जा." पण ती भाकरीसाठी आली नव्हती. राहुलला पुढं ढकलत होती.

"ह्याचं नाव लावायचं हाय जूनमंदी," ती म्हणाली. "तुमी आसाल का तवा?"

जूनमध्ये परीक्षा झालेली असते. मी असेन म्हणाले. येईन म्हणाले, ओट्यावर बरोबर उभी राहीन म्हणाले. ती माझ्याकडं पाहत राहिली. विश्वास ठेवावा की नाही असं पाहणं नव्हतं ते, फक्त ऐकत होती. मग राहुलच्या पाठीवर एक चापट मारून म्हणाली, "दाव रं ताईला."

राहुलनं टाचा जुळवल्या. हनुवटी वर, मान काठीसारखी. उजवा हात डोक्यावरून न्यायला लागला. बोटं टाळूवरून पलीकडं उतरली, केसांत रुतली, थरथरली आणि तिथंच थांबली. कान बराच खाली होता. मान मात्र जराही हलली नाही. त्याच्या कपाळावर घाम आला तरी नाही.

"म्या शिकवलंय," चंद्री म्हणाली. "वाकडी केली की मारते."

मी त्याचा हात खाली घेतला. छोटा, कोरडा हात होता, आणि तो हातात धरल्यावर खूप दिवसांनी मला काहीतरी टोचल्यासारखं झालं, पायातल्या मुंग्या उतरताना होतं तसं.

"अजून हात पुरत न्हाई गं त्याचा," मी म्हणाले.

"न्हाई," ती म्हणाली. "पन मान बघा की."